पहिला माणूस कामाला ठेवण्याआधी कागद कसे लावायचे

मी मिरजेत लहान धंद्यांचे परवाने आणि हिशेब बघते. कुणी नवं आलं की आधी विचारते, कामाला किती जण घेणार? कागद त्यावर ठरतात. आणि कागद अडकले की ज्याला काम देतो म्हटलं, तो आपल्यासाठी थांबत नाही.

शिवणकाम काढायचं तर फारसं अडत नाही. उद्यम नोंदणीला, म्हणजे लहान धंद्याच्या सरकारी नोंदणीला, आधार आणि पॅन पुरतं, फी नाही. पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊच नका. 2017 च्या महाराष्ट्राच्या दुकाने कायद्यापासून लहान दुकानाने ऑनलाइन सूचना दिली की भागतं.

खाण्याच्या धंद्यात मात्र माणसं अडकतात. 2022 मध्ये एक काकू मसाला कांडपाचं काम काढणार होत्या. गल्लीतल्या दोन मुलींना शब्द दिलेला. रेक्झिनच्या पिशवीतून लाइट बिल काढलं, तर ते वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. खाण्याच्या धंद्याला लागणाऱ्या अन्न नोंदणीचा अर्ज परत आला. नाव बदलेपर्यंत मार्च-एप्रिलचा सगळा हंगाम गेला आणि दोघी मुली बेदाण्याच्या शेडवर लागल्या. मला ते अजून लागतं. म्हणून सगळ्यात आधी लाइट बिल आणि घरपट्टी कुणाच्या नावावर आहे ते बघा. दुसऱ्याच्या असेल तर संमतीपत्र किंवा भाडेकरार करून घ्या. तेव्हा वर्षाला 12 लाखांच्या आतल्या उलाढालीला नुसती नोंदणी लागायची, वर्षाला 100 रुपये. 2011 च्या अन्न परवाना-नोंदणी नियमांत आणखी एक सोय आहे: अर्ज पूर्ण असून सात दिवसांत होय, नाही किंवा तपासणी असं काहीच कळलं नाही, तर लहान उत्पादकाला काम सुरू करता येतं. अर्जाची पावती तारखेसकट जपा.

मेडिकलला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतोच, जागाही किमान 10 चौरस मीटर. इथे नियमच एक नोकरी तयार करतो, पण तो पगार पहिल्या महिन्यापासून चालू होतो. फार्मासिस्ट पक्का झाल्याशिवाय गाळ्याचं डिपॉझिट देऊ नका.

वर्कशॉपवाले एकोणीस माणसांवर थांबतात. महाराष्ट्रात विजेवर चालणाऱ्या कामाला 20 माणसांपासून कारखान्याचे नियम लागतात, पीएफही 20 पासूनच. विसावा माणूस आला की आधीच्या एकोणीस जणांचाही पीएफ भरावा लागतो, आणि पुढे माणसं कमी झाली तरी तो सुटत नाही. म्हणून सतरा-अठरा माणसं असतानाच वहीत सगळ्यांचे पगार मांडा, मालकाचे 12 टक्के धरा आणि नव्या ऑर्डरचा दर त्या हिशेबाने सांगा.