धुळ्यात एक दिवस हाताशी असेल तर

पाहुणे धुळ्याला येतात, आग्रा रोडवर खरेदी करतात आणि परत निघतात. तुम्ही तसं करू नका.

सकाळी थेट राजवाडे संशोधन मंडळात जा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस इथेच धुळ्यात वारले. त्यांनी जमवलेली दप्तरं इथे आहेत. जाण्याआधी चौकशी करा, सुट्टी असली तर हेलपाटा पडतो. मग समर्थ वाग्देवता मंदिर. नाव मंदिराचं, पण ठेवा पोथ्यांचा. रामदासांच्या हातचं वाल्मीकि रामायण दाखवायची विनंती करा, आणि काचेवर वाकून अक्षराचं वळण नीट बघा. घाई करणाऱ्याला इथे नेऊच नये, असं माझं मत!

दुपारी शेवभाजी. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा, नंतर पाणी पिऊन काही होत नाही.

ऊन उतरलं की मुंबईच्या दिशेने लळिंग. किल्ला चढायला दम नसेल तर कुरणातला लांडोर बंगला बघा. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली इथे थांबले होते. त्या भेटीच्या आठवणीसाठी ३१ जुलैला मात्र इथे मोठी गर्दी असते.