पीयूसीनंतर लगेच फिल्म स्कूल की आधी डिग्री? बेळगाव-निपाणीकडच्या पोरांसाठी

आपल्याकडं पीयूसीचा, म्हणजे बारावीचा रिझल्ट लागला आणि पोरानं सिनेमा शिकायचाय म्हटलं की घरात एकच ऐकू येतं, आधी डिग्री कर मग बघू. मला विचाराल तर घरच्यांचं बरोबर आहे.

कारण पुण्याचं एफटीआयआय (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट) आणि कोलकात्याचं सत्यजित राय इन्स्टिट्यूट, दोन्ही केंद्र सरकारची, तिथं डायरेक्शन, कॅमेरा, एडिटिंगच्या तीन वर्षांच्या कोर्सला ग्रॅज्युएशन लागतंच. कुठल्या विषयात ते बघत नाहीत, हिस्टरीत बीए केलेली पोरगीपण डायरेक्शनला बसू शकते. साऊंडचं वेगळं आहे, पुण्यात त्याला बारावीला फिजिक्स मागतात, म्हणून पीयूसीला आर्ट्स घ्यायच्या आधीच याचा विचार करा. आर्ट डायरेक्शनला फाइन आर्ट, आर्किटेक्चर असलं काहीतरी हवं.

बारावीवर लगेच घेणारी प्रायव्हेट कॉलेजं मुंबई-पुण्यात आहेत पण फी लाखांत, आणि शेत गहाण टाकून अठराव्या वर्षी तिथं जाऊ नका असं मी कळकळीनं सांगेन. ज्याला कॅमेरा किंवा साऊंडच करायचंय, दुसरं काहीच नको, त्यानं बेंगळुरूजवळ हेसरघट्टचं सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट बघावं, तिथं डिप्लोमा आहे आणि डिग्री लागत नाही.

डिग्रीची तीन वर्षं वाया जात नाहीत, पण नुसतं कॉलेजला जाऊन भागत नाही. मोबाईलवर शूट करा, निपाणीच्या विडी कामगार बायका, ऊसतोडीच्या टोळ्या, खानापूरचं जंगल, हे सगळं दारात आहे आणि दुसऱ्या कुणाकडं नाही. पाच मिनिटांची फिल्म करा, स्वतः एडिट करा, चार जणांना दाखवा, परत करा. मराठी आणि कन्नड दोन्ही कानावर पडत वाढलात, तसेच डायलॉग लिहा. पुण्या-कोलकात्याला प्रवेशाची लेखी परीक्षा झाल्यावर पुढं इंटरव्ह्यू असतो, तिथं तुम्ही काय बघितलंय आणि त्यावर तुमचं स्वतःचं म्हणणं काय ते बोलता यायला पाहिजे.

आणि एक, या दोन्ही संस्था केंद्राच्या असल्यानं कर्नाटकचा की महाराष्ट्राचा हा प्रश्न तिथं येत नाही, पण आपला टूए, थ्रीबीचा, म्हणजे कर्नाटकच्या मागासवर्गीय गटांचा दाखला तिथं चालत नाही. जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का बघा आणि असेल तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला फॉर्म सुटायच्या आधीच तहसीलदार ऑफिसातून काढून ठेवा.