घोड्याच्या आतड्याचा दाह प्रयोगशाळेत कसा मोजावा

आतड्याला सूज आली आहे असे थेट सांगणारी एकही रक्ततपासणी घोड्यासाठी नाही. माणसांत विष्ठेतले कॅलप्रोटेक्टिन (पांढऱ्या पेशींतले, आतड्याच्या दाहात वाढणारे प्रथिन) मोजतात, पण घोड्यासाठी त्याच्या भरवशाच्या मर्यादा ठरलेल्या नाहीत. माणसाच्या किटवर लीद तपासून आलेल्या आकड्यावर औषध सुरू करू नये. ईएसआर (तांबड्या पेशी तासाभरात किती खाली बसतात ते) हीही तपासणी सोडून द्या. घोड्याच्या तांबड्या पेशी मुळातच चळत लागून भराभर खाली बसतात, त्यामुळे धडधाकट जनावराचाही ईएसआर जास्त येतो.

मग शोधायच्या तीन गोष्टी: शरीरात कुठे दाह आहे का, आतड्यातून प्रथिन गळते का, आणि आतडे अन्न शोषते का.

रक्त सकाळी, कामाला काढण्याआधी, घोडा शांत असताना मानेच्या शिरेतून घ्यावे. बिथरलेल्या घोड्याची प्लीहा आकुंचन पावते, तांबड्या पेशी रक्तात ओतते आणि हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) उगाच वर जातो. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएची जांभळी, साधी लाल आणि साखरेसाठी फ्लोराइडची राखाडी अशा तीन नळ्या हव्यात. उपाशी घोड्याचा सीरम (गोठलेल्या रक्तावरचा पातळ भाग) गडद पिवळा दिसला तर लगेच कावीळ म्हणू नका. खाणे थांबले की घोड्यात बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य वाढतेच.

दाहाची पहिली चाहूल सीरम अमायलॉइड ए, म्हणजे एसएए, हे रक्तातले प्रथिन देते. निरोगी घोड्यात ते साधारण 20 मिग्रॅ प्रति लिटरच्या खाली असते, दाह सुरू झाल्यावर काही तासांत चढू लागते, सुमारे दोन दिवसांत शिखर गाठते आणि हजारांतही जाऊ शकते. मात्र किट घोड्याच्या रक्तावर पडताळलेले असावे. न्यूमोनिया, गळू, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, सगळ्यांत एसएए वाढते. त्यामुळे ते एकटे आतड्याकडे बोट दाखवत नाही. उलट, जुनाट आणि मंद आतड्याच्या आजारात ते अगदी सामान्यही येते.

एसएएची सोय नसेल तर फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारे, दाहात वाढणारे प्रथिन) तबेल्याजवळच्या छोट्या दवाखान्यातही काढता येते. ईडीटीएच्या रक्ताने दोन हिमॅटोक्रिट केशनळ्या भरा, एक टोक नळी बंद करण्याच्या मातीने बंद करा आणि पाच मिनिटे सेंट्रिफ्यूज करा. पहिली नळी पांढऱ्या पेशींच्या थराच्या वर मोडून प्लाझ्मा (पेशींवरचा पातळ भाग) रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे प्रकाशाच्या वळण्यावरून प्रथिन मोजणाऱ्या उपकरणावर, वाचा. दुसरी नळी मातीचे टोक खाली ठेवून 56 ते 58 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तीन मिनिटे उभी धरा. प्लाझ्माचा पूर्ण स्तंभ पाण्याखाली हवा, पण उघडे तोंड वर. प्लाझ्मा ढगाळ होतो. पुन्हा फिरवल्यावर फायब्रिनोजेन पांढऱ्या थरावर कड्यासारखे बसते. त्या कड्याच्या वर मोडून वाचा. पहिले वाचन 6.8 आणि दुसरे 6.1 ग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर फायब्रिनोजेन 0.7 ग्रॅम, म्हणजे 700 मिग्रॅ. घोड्यात 200 ते 400 सामान्य.

पाणी 60 अंशांच्या वर गेले की इतर प्रथिनेही साकळू लागतात आणि आकडा फुगतो. थंड राहिले तर कमी येतो. नमुन्यात बारीक गुठळी असली तरी कमीच येतो. सीरममध्ये फायब्रिनोजेन नसतेच, त्यामुळे लाल नळी इथे चालत नाही. शिवाय रिफ्रॅक्टोमीटरच्या रेघा जाड, तेव्हा 100 मिग्रॅच्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही. पाणी कमी झालेल्या घोड्यात फायब्रिनोजेन नुसतेच दाट होऊन वाढलेले दिसू शकते. म्हणून दुसऱ्या वाचनाला फायब्रिनोजेनने भागा: वरच्या उदाहरणात 8.7. हे गुणोत्तर 10 च्या खाली असेल तर दाह खरा, 15 च्या वर असेल तर वाढ पाण्याच्या कमतरतेची. फायब्रिनोजेन एसएएच्या मागून, दिवसा-दोन दिवसांनी चढते आणि उतरतेही सावकाश.

आतड्याकडे खरा रोख वळवते ते अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातले मुख्य प्रथिन. ते साधारण 26 ग्रॅम प्रति लिटरच्या खाली गेले आणि यकृत व लघवीतले प्रथिन ठीक असेल, तर आतड्यातून गळती चालू आहे असे धरावे. हगवणीच्या घोड्यात हिमॅटोक्रिट चढतो आणि एकूण प्रथिन उतरते, ही जोडी फार बोलकी. अशा वेळी मोतद्दाराला फिनाइलब्युटाझोन या वेदनाशामकाबद्दल खोदून विचारा. या औषधाने मोठ्या आतड्याच्या उजव्या वरच्या भागाला जखमा होतात. लिदीत जंतांची अंडी नाहीत म्हणून जंत नाहीत असेही नव्हे. छोट्या स्ट्राँगाइल या जंतांच्या अळ्या आतड्याच्या भिंतीत दडून बसतात, आणि अळ्या अंडी घालत नाहीत.

घोडा खातो तरी वाळतो, अशा वेळी ग्लुकोज शोषण चाचणी. रात्रभर, 12 ते 16 तास उपाशी ठेवा. अंथरलेला पेंढा उचला नाहीतर मुसके बांधा, कारण घोडा पेंढा खातोच. वजनाच्या दर किलोला 1 ग्रॅम ग्लुकोज, 20 टक्के द्रावण करून, नाकातल्या नळीने पोटात: 400 किलोच्या घोड्याला 400 ग्रॅम, एकूण 2 लिटर. रक्त आधी, मग 60 आणि 120 मिनिटांनी. दोन तासांत साखर मूळच्या 85 टक्क्यांहून जास्त वाढली तर शोषण ठीक. 15 टक्क्यांच्या आत राहिली तर लहान आतड्याचे शोषण जवळजवळ बंद. मधले सगळे अर्धवट. झायलाझिन किंवा डेटोमिडीन ही गुंगीची औषधे देऊन नळी घालू नका, ही औषधेच साखर वाढवतात. पोट सावकाश रिकामे होत असेल तर आलेख खोटा सपाट येतो. लॅमिनायटिस (खुरातल्या पापुद्र्यांचा दाह) झालेल्या घोड्यावर ही चाचणी करूच नये.

तीव्र पोटशुळात मात्र या कशाची वाट पाहू नका. तिथे पोटाच्या पोकळीतल्या पाण्याचे लॅक्टेट (प्राणवायू कमी पडलेल्या पेशींतून निघणारा पदार्थ) रक्तापेक्षा बरेच जास्त असेल तर आतड्याला पीळ बसल्याची शंका घेऊन शस्त्रक्रियेची तयारी करावी.

उपचार लागू पडतात का हे एसएए काही दिवसांत सांगते. अल्ब्युमिन भरून यायला आठवडे लागतात, त्यामुळे चौथ्या दिवशी ते कमीच दिसले म्हणून औषध बदलू नये.