हळदीचा पिवळा, चाचणीचा पिवळा

कोल्हापुरात औषधनिर्माणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेताना मी हळद, आवळा आणि जांभूळबी यांच्या मिश्रणाची मधुमेहासाठी चाचणी हा विषय निवडला. हळद-आवळ्याची जोडी आयुर्वेदाने प्रमेहावर (मधुमेहाशी जुळणाऱ्या विकारावर) पूर्वीच सांगितलेली असल्याने काम सोपे वाटले होते.

पहिला प्रश्न मार्गदर्शकांनी विचारला: दुकानातून आणलेली ही पूड जांभळाचीच, कशावरून? उत्तर नव्हते. पूड बाजूला ठेवून जूनमध्ये पन्हाळ्याच्या वाटेवरची फळे आणि फांदीचा नमुना आणला, शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातून ओळख पटवून घेतली आणि मगच अर्क काढला.

खरी फजिती अल्फा-ग्लुकोसिडेजच्या, म्हणजे आतड्यात पिष्टापासून ग्लुकोज सुटे करणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या), चाचणीत झाली. त्याला अडथळा आणला की जेवणानंतरची साखर हळू चढते. या चाचणीत विकर रंगहीन पदार्थ तोडून पिवळे पॅरानायट्रोफेनॉल सोडते आणि ते ४०५ नॅनोमीटरवर मोजतात. पिवळेपणा जितका कमी, तितका विकराला अडथळा जास्त. माझ्या ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये मात्र विकर घालण्याआधीच हळदीचे वेल पिवळे होते, आणि तो रंग वजा न केल्यामुळे हळद कुचकामी आहे असे मी दहा दिवस मानत राहिलो. प्रत्येक तीव्रतेसाठी विकराविना अर्काचा स्वतंत्र ब्लँक (वजा करायचे कोरे मोजमाप) लावा. आवळ्याची गंमत उलटी: त्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य कोणत्याही प्रथिनाला चिकटत असल्याने अडथळ्याचे आकडे फुगतात. मिश्रणात बोव्हाइन अल्ब्युमिन हे टॅनिनला गुंतवून ठेवणारे गाईचे प्रथिन घालून चाचणी पुन्हा करा. अडथळा नाहीसा झाला तर त्याचे श्रेय वनस्पतीला देऊ नका. शिवाय यीस्टच्या विकरावर अकार्बोज हे याच विकराला अडवणारे मधुमेहाचे औषध फारसे चालत नाही, त्यामुळे 'अकार्बोजपेक्षा सरस' असा निष्कर्ष तिथे फुकट मिळतो. उंदराच्या आतड्यातील विकर वापरले की तो बहुधा टिकत नाही.

प्राण्यांवरील प्रयोगासाठी संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता आधी घ्यावी. उंदरांत मधुमेह निर्माण करणारे स्ट्रेप्टोझोटोसिन ४.५ सामूच्या (pH) थंड सायट्रेट बफरमध्ये ऐन वेळी विरघळवावे आणि इंजेक्शननंतर पहिल्या रात्री उंदरांना ग्लुकोजचे पाणी ठेवावे, कारण स्वादुपिंडातल्या नष्ट होणाऱ्या बीटा पेशींतून इन्सुलिन एकदम बाहेर पडून साखर घसरते.

दरम्यान शेजारच्या काकूंनी उरलेली पूड मागितली. त्या ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेत होत्या, आणि दोन्ही मिळून त्यांची साखर किती उतरेल हे माझी प्लेट सांगू शकत नव्हती. मी पूड दिली नाही. काकू आठवडाभर बोलल्या नाहीत.