जुन्या आऊटबोर्डचं वायरिंग: सीडीआय विकत घ्यायच्या आधी या चुका टाळा

३१ जुलैला मासेमारी बंदी उठते, नारळी पौर्णिमा होते, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या परत पाण्यात उतरायला लागतात आणि मग दरवर्षी तेच ऐकायला मिळतं, होडीच्या मागे लावायची आऊटबोर्ड मोटर चालूच होत नाही, झाली तर मध्येच बंद पडते, सीडीआय (स्पार्क कधी पडायचा ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेला वाटतं. सीडीआय जातो, नाही असं नाही, पण जुन्या टू-स्ट्रोक मोटरमध्ये त्याच्या खूप आधी जातात ते जॉइंट, अर्थ (इंजिनच्या लोखंडाला आणि बॅटरीच्या मायनसला जोडणारी वायर) आणि सतत हलणाऱ्या जागच्या वायरी. महागडा पार्ट सगळ्यात शेवटी बदलायचा. दुकानदार इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाही, आणि गरीब माणसाची आठवडाभराची कमाई अशा अंदाजपंचे खरेदीत जाते ते मला बघवत नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या. बहुतेक जुन्या टू-स्ट्रोक आऊटबोर्डमध्ये स्पार्कला बॅटरी लागतच नाही. फ्लायव्हीलखालच्या, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या जड चाकाखालच्या कॉइलमध्ये करंट तयार होतो, तो सीडीआयला जातो, तिथून इग्निशन कॉइलला आणि मग प्लगला. बॅटरी सेल्फ, लाइट आणि ट्रिम (मोटर वर-खाली कलती करायची सोय) यांच्यासाठी. म्हणजे सेल्फ नुसता टकटक करतो ही एक तक्रार आणि प्लगला स्पार्क नाही ही दुसरी. स्पार्क नाही म्हणून नवी बॅटरी आणणारे लोक मी भरपूर बघितलेत. दोरीने ओढून चालू होते का ते तरी आधी बघा!

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती वायर, स्टॉप स्विचची. घरातला स्विच बंद केला की सर्किट तुटतं, इथे उलटं आहे, स्टॉप दाबला किंवा चालवणाऱ्याच्या अंगाला बांधायच्या लाल दोरीची क्लिप निघाली की ती वायर अर्थला जोडली जाते आणि स्पार्क मरतो. म्हणजे ही वायर कुठेही सोलली आणि लोखंडाला लागली की मोटर बंद.

गोव्यात शापोऱ्याला एकाची जुनी २५ एचपी होती, हँडलवाली. सरळ जाताना झकास, मध्येच गप्प. मेकॅनिकने सीडीआय सांगितला, याने मुंबईहून मागवला, बसवला, तेच. मग कॉइल बदलली, तरी तेच, मग कार्बोरेटर खोलला, पेट्रोलात पाणी आहे म्हणून टाकी धुतली. मला बोलावलं तेव्हा मी एकच विचारलं, "बंद पडते ती नक्की कधी?" तो म्हणाला, "दादा, नदीतून बाहेर पडताना वळवतो ना, तेव्हाच जास्त." एवढ्या लोकांनी हात घातला आणि हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. होडी जेटीला बांधली, गिअर न्यूट्रलला, स्टॉपची वायर सीडीआयपाशी सोडवली आणि मोटर चालू केली. हँडल इकडून तिकडे कितीही फिरवलं तरी बंद पडेना. वायर परत लावली, हँडल उजवीकडे नेलं की लगेच गप्प. हँडल जिथे मोटरला जोडलेलं असतं तिथे वायर घासून तांबं उघडं पडलं होतं. तेवढा तुकडा नवीन टाकला, वर जाड स्लीव्ह, आणि वळताना ताण येऊ नये म्हणून थोडी ढील ठेवली. जुना सीडीआय परत लावला तर तो ठणठणीत.

ही टेस्ट करताना लक्षात ठेवा, वायर सोडलेली असताना स्टॉप बटणाने मोटर बंद होणार नाही, चोक ओढून बंद करायची. आणि टेस्ट झाली की वायर परत जोडा. "चालते ना आता, राहू दे तशीच" म्हणून तशीच समुद्रात नेणाऱ्यांवर मला खरंच राग येतो. माणूस पाण्यात पडला आणि मोटर चालूच राहिली तर रिकामी होडी गोल फिरून त्याच्यावरच येते, पंख्यासकट.

याच वायरीचा दुसरा घोळ रंगाचा. यामाहाला साधारण काळी म्हणजे अर्थ आणि पांढरी म्हणजे स्टॉप, पण मर्क्युरी, जॉन्सन, एव्हिनरूडला स्टॉपची वायर बऱ्याचदा काळी-पिवळी असते. उन्हाने पिवळी रेघ उडालेली असते आणि घरचं वायरिंग करणारा दोन्ही काळ्या म्हणून एकत्र बांधून टाकतो. झालं, स्पार्क कायमचा बंद. सोडवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, वायरीला कागदी टेप लावून नंबर घाला, पाच मिनिटं लागतात.

मग अर्थ. मीटरवर बीप वाजला म्हणजे अर्थ चांगला असं नाही, वायरीची एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. लोडवर बघायचं. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या घासून चकचकीत केलेल्या लोखंडाला, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ खराब. तेव्हाच बॅटरीवरही बघा, पूर्ण चार्ज असेल तर सेल्फ मारण्याआधी १२.६ च्या आसपास, मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. जॉइंट कापल्यावर आत तांबं काळं किंवा हिरवं दिसलं तर चमकदार तार लागेपर्यंत मागे कापत जा, कधीकधी वीतभर जावं लागतं. खारं पाणी वायरीच्या आतून वर चढतं, वरून टेप गुंडाळून काही होत नाही. कथिल चढवलेली मरीन वायर मिळाली तर तीच घ्या, घरच्या फिटिंगची एकतारी वायर थरथरीने तुटते.

पीळ देऊन काळी टेप, अजिबात नको, क्रिम्प करा, म्हणजे धातूची नळी पकडीने वायरीवर दाबून बसवा, आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जॉइंटवर लावू नका, तांबं खातं. फ्यूज उडाला म्हणून जागेवर तार घालू नका. मोटर चालू असताना बॅटरी काढू नका, रेक्टिफायर (मोटरच्या करंटवर बॅटरी चार्ज करून देणारा पार्ट) जातो, आणि प्लस-मायनस उलटं लावलं तरी तोच जातो. स्पार्क बघताना प्लग इंजिनला नीट टेकवा, हवेत लटकता ठेवून ओढत बसलं तर सीडीआयवर ताण येतो, आणि त्याआधी पेट्रोलचा पाइप काढून टाकी लांब ठेवा. होडी बाहेर असेल तर पाण्याच्या पिंपात खालचा भाग बुडवल्याशिवाय मोटर चालू करू नका, इम्पेलरचं, म्हणजे थंड करायचं पाणी वर ओढणाऱ्या पंख्याचं रबर बघता बघता जळतं.

पावसाळ्यात मोटरला प्लास्टिक घट्ट बांधून ठेवतात तेही सोडा, आत घाम धरतो आणि कनेक्टर हिरवे होतात. उभी ठेवा, छपराखाली, वर सुती कापड, आणि मेमध्येच सगळे कनेक्टर उघडून गोड्या पाण्याने पुसून, वाळवून डायइलेक्ट्रिक ग्रीस (करंट न वाहणारं, ओल आत न येऊ देणारं ग्रीस) लावून बंद करा.