या चुका टाळा: इंग्लंडमधलं पबातलं मशीन, मंडळाचं रॅफल आणि हाय स्ट्रीटवरचं स्लॉटचं दुकान

माझ्याकडे सल्ल्यासाठी फोन येतात ते तीनच प्रकारच्या लोकांचे. नुकताच पब घेतलेले, मंडळाच्या कार्यक्रमात रॅफल, म्हणजे तिकिटं विकून बक्षिसांची सोडत, काढू पाहणारे, आणि घराजवळ स्लॉट मशीनचं दुकान येतंय म्हणून चवताळलेले. फोन येतो तोवर बहुतेकांनी करायची ती चूक करून झालेली असते आणि मुदतीचे दोन-तीन दिवस हातात उरलेले असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवते. पुढच्या वेळी फोनवर याच लेखाचा दुवा मिळेल.

आधी एवढं समजून घ्या. २००५ चा गॅम्बलिंग अ‍ॅक्ट १ सप्टेंबर २००७ पासून पूर्ण लागू झाला आणि तेव्हापासून कामाची वाटणी ठरलेली आहे. धंदा कोणी करायचा हे बर्मिंगहॅमचं गॅम्बलिंग कमिशन ठरवतं. कुठल्या जागेत करायचा हे तुमची स्थानिक कौन्सिल ठरवते. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटींना परवाना राज्य सरकार देतं. इथे कोपऱ्यावरच्या बेटिंग शॉपचा कागद तीन नगरसेवकांच्या उपसमितीसमोर येऊ शकतो. स्कॉटलंडमध्ये हे काम लायसन्सिंग बोर्ड करतं आणि नॉर्दर्न आयर्लंडचा कायदाच वेगळा आहे. मोबाइलवरच्या बेटिंग अ‍ॅपची तक्रार घेऊन कौन्सिलच्या काउंटरवर जाऊ नका. तिथल्या मुलीच्या हातात त्यातलं काहीच नसतं.

दारूच्या हरकतीचा मसुदा जुगाराला चिकटवणं

ही माझी सर्वात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त.

पबच्या परवान्याला हरकत घेताना गोंगाट, कचरा, पार्किंग, रात्रीची वर्दळ असं सगळं लिहिता येतं, कारण दारूच्या कायद्याच्या चार उद्दिष्टांत सार्वजनिक उपद्रव रोखणं हेही आहे. जुगाराच्या कायद्यात उद्दिष्टं तीनच आहेत: जुगारातून गुन्हे वा बेबंदशाही होऊ नये, खेळ सचोटीने आणि उघडपणे चालावा, आणि मुलांना व दुबळ्या, सहज अडकणाऱ्या माणसांना इजा होऊ नये. उपद्रव त्यात नाही. तरी लोक शेजारणीने तीन वर्षांपूर्वी पबविरुद्ध लिहिलेलं पत्र काढतात, ‘पब’च्या जागी ‘स्लॉट’ घालतात आणि पाठवून देतात.

त्याहून मोठी अडचण जुगाराच्या कायद्यातल्या कलम १५३ ची. कमिशनची आचारसंहिता, त्याचं मार्गदर्शन, ही तीन उद्दिष्टं आणि कौन्सिलचं स्वतःचं धोरण या चौकटीत अर्ज बसत असेल, तर परवानगी देण्याकडेच कौन्सिलचा कल असला पाहिजे, असं कायदाच सांगतो. शिवाय गावात अशा दुकानाला गिऱ्हाईक आहे की नाही, हे बघायलाही समितीला मनाई आहे. म्हणजे ‘आधीच तीन दुकानं आहेत, चौथं कशाला?’ हा सगळ्यांना बिनतोड वाटणारा मुद्दा तसाच्या तसा मांडला की बादच होतो. दारूच्या कायद्यात एकाच भागातल्या दुकानांच्या एकत्रित परिणामाचा विचार करण्याची सोय आहे. जुगारालाही तशी द्यावी, असं सरकारच्या २०२३ च्या श्वेतपत्रिकेत मांडलं होतं. तुमच्या कौन्सिलचं धोरण त्याबद्दल आज काय म्हणतं ते वाचूनच लिहा.

एका गावात बंद पडलेल्या बँकेच्या जागी अडल्ट गेमिंग सेंटरचा, म्हणजे फक्त प्रौढांसाठीच्या स्लॉट मशीनच्या दुकानाचा, अर्ज आला होता. चोवीस तास उघडं. सुनावणीला मी मागच्या खुर्चीत होते. रहिवाशांनी सह्यांचा जाडजूड गठ्ठा आणला होता आणि त्यांच्या वतीने बोलणारे गृहस्थ तावातावाने बोलले. जुगार हे पाप, घरांच्या किमती पडतील, तरुण पिढीचं काय होणार! अर्जदाराचा बॅरिस्टर एकदाही मान वर न करता लिहीत होता. त्याची पाळी आली तेव्हा त्याने एकेक मुद्दा उचलला आणि तो कुठल्या कलमाखाली गैरलागू ठरतो ते शांतपणे सांगितलं. त्यातलं काहीही चूक नव्हतं. परवाना मिळाला, तोही रात्रभराचा.

जीव जळण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. त्या गठ्ठ्यात एका सहीपुढे दोन ओळी खरडलेल्या होत्या. सही करणारी बाई समोरच्याच रस्त्यावर, व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांच्या वसतिगृहात काम करत होती आणि तिथल्या काही जणांचे भत्त्याचे पैसे पहिल्याच दिवशी मशीनमध्ये जातात, असं तिने लिहिलं होतं. पूर्ण कागदपत्रांत कायद्याच्या तिसऱ्या उद्दिष्टाला थेट भिडणारं तेवढंच होतं. ते कोणी वाचलं नाही. तिला स्वतंत्र पत्र लिहायला कोणी सांगितलं नाही. याचिकेवर सही क्षणात होते, हाच याचिकेचा दोष. सह्या गोळा केल्या की काम झालं असं वाटतं आणि मग दार वाजवायला कोणी जात नाही.

माझी सवय अशी. पहिल्या दिवशी मी दोन कागद मागवते: कौन्सिलचं धोरणपत्र, जे दर तीन वर्षांनी नव्याने काढावं लागतं, आणि अर्जदाराने त्या परिसराबद्दल केलेली जोखीम-तपासणी. ही तपासणी २०१६ च्या एप्रिलपासून सक्तीची आहे. ती घेऊन त्या रस्त्यावर चालत जायचं, एकदा शाळा सुटताना आणि एकदा रात्री. साखळी दुकानांच्या तपासण्या बऱ्याचदा दुसऱ्या गावावरून उचललेल्या असतात. शेजारचं वसतिगृह, मागची शाळा, कोपऱ्यावर दारू पीत बसणारं टोळकं, यांतलं काही त्यात नसेल तर तो तुमचा सर्वात भारी मुद्दा. तो फोटो, तारीख आणि वेळ घालून लिहायचा.

आणि ‘परवाना देऊ नका’ एवढंच लिहून थांबू नका. ‘दिलाच तर या अटींवर द्या’ हेही लिहा. बेटिंग शॉपला सकाळी ७ ते रात्री १० ही वेळ नियमांनीच घालून दिलेली आहे. अडल्ट गेमिंग सेंटरला अशी वेळ नाही. म्हणून बंद करण्याची वेळ, रात्री किमान दोन कर्मचारी, आतून उघडणारं चुंबकी कुलूप, या अटी मागूनच घ्याव्या लागतात. नकार क्वचित मिळतो. अटी पुष्कळदा मिळतात, आणि रात्री बारानंतर बंद असलेलं दुकान हा त्या वसतिगृहासाठी खरा फरक आहे.

गोंगाटाचं काय, असं विचाराल. तो प्लॅनिंग खात्याकडे न्या. बँकेच्या जागी स्लॉटचं दुकान काढायला साधारणपणे वापरबदलाची परवानगी वेगळी लागते आणि तिथे आवाज, वेळा हे मुद्दे चालतात. लायसन्सिंगच्या समितीला मात्र प्लॅनिंगची परवानगी मिळेल की नाही हे लक्षात घ्यायलाही मनाई आहे. दोन खाती, दोन अर्ज, दोन मुदती. दोन्हीकडे एकच पत्र पाठवणाऱ्यांना मी हल्ली समजावतही नाही.

लायसन्सिंगकडे हरकतीची मुदत २८ दिवसांची. जवळ राहता किंवा जवळ धंदा करता, हे पत्रात पहिल्याच ओळीत लिहा. तुमच्या वतीने नगरसेवक किंवा खासदारही लिहू शकतात. पत्र अर्जदाराच्या हातात जातं, गुप्त राहत नाही.

‘मशीन आधीपासून होतंच की’

दुसरी लाडकी चूक पब घेणाऱ्यांची. कायदा उदार आहे. दारूचा परवाना असलेल्या पबला सी किंवा डी वर्गाची, म्हणजे कमी पैजेची आणि छोट्या बक्षिसांची, दोन मशीनं ठेवण्याचा हक्क आपोआप असतो. फक्त कौन्सिलला कळवायचं आणि ५० पौंड भरायचे. पण ही सूचना जागेला चिकटत नाही, दारूचा परवाना ज्याच्या नावावर असतो त्याच्यापुरतीच असते. परवाना नव्या मालकाकडे गेला की जुनी सूचना संपली. नव्याने कळवायचं, नव्याने पन्नास पौंड.

मिडलंड्समध्ये आपल्याकडच्याच एका जोडप्याने पब चालवायला घेतला. सॉलिसिटरने ‘सगळं ट्रान्सफर झालंय’ सांगितलं आणि यांनी सुस्कारा सोडला. महिने गेले. मग कौन्सिलचा माणूस कुठल्यातरी शेजाऱ्याच्या तक्रारीवरून आला, सहज म्हणून मशीनकडे बोट करून पावती मागितली. पावती होती, आधीच्या मालकाच्या नावाची. मशीन त्याच संध्याकाळी बंद करावं लागलं, आणि पुरवठादाराचं भाडं करारानुसार चालूच राहिलं. ताई मला फोनवर म्हणाल्या, ‘पन्नास पौंडांसाठी एवढं?’ हो, पन्नास पौंडांसाठीच. सॉलिसिटर इमारतीचे कागद बघतो. चावी हातात घ्यायच्या आधी भिंतीवर चौकटीत लावलेला प्रत्येक कागद उतरवून त्याच्यावर नाव कोणाचं आहे ते बघायचं, हे काम मी दुसऱ्या कोणावर सोडत नाही.

दोनहून जास्त मशीनं हवीत तर परमिट लागतं. आणि रेस्टॉरंटवाल्यांनी नीट ऐका: हा हक्क फक्त बार असलेल्या जागेला आहे, जिथे जेवण न मागवताही दारू मिळते. थाळीबरोबरच बिअर देण्याची अट असेल तर मशीन विसरा. टेकअवे आणि मिनीकॅबच्या ऑफिसात तर नाहीच नाही, पुरवठादार कितीही गोड बोलला तरी. त्याच्याकडे कमिशनचा परवाना आहे का, हे त्याला आधी विचारा. बरेच गोड बोलणारे तिथेच गप्प होतात.

मशीन बारवरच्या माणसाच्या नजरेत ठेवा. शौचालयाच्या वाटेवरच्या बोळात ठेवलं की शाळकरी पोरं खेळतात आणि दिसत नाहीत. १८ खालच्यांना सी वर्गाचं मशीन चालत नाही.

मंडळाचं रॅफल

गणपतीच्या दिवशी हॉलमध्येच तिकिटं विकली, मंडळाने नफा मंडळासाठी किंवा धर्मादाय कामासाठी ठेवला, बक्षिसांवर जमलेल्या पैशांतले ५०० पौंडांहून जास्त घातले नाहीत आणि खर्चापोटी १०० हून जास्त कापले नाहीत, तर नोंदणी लागत नाही. पण आमचे उत्साही चिटणीस महिनाभर आधीपासून व्हॉट्सअ‍ॅपवर तिकिटं विकतात. मग ती छोट्या संस्थेची लॉटरी झाली: आधी कौन्सिलकडे नोंदणी, पहिल्या वर्षी ४० पौंड, पुढे दर वर्षी २०. जमलेल्या पैशातले किमान २० टक्के कार्यासाठी गेले पाहिजेत, आणि सोडतीनंतर तीन महिन्यांत हिशेबाचं विवरण द्यायचं. तिकिटावर संस्थेचं नाव, किंमत, जबाबदार माणसाचं नाव-पत्ता आणि सोडतीची तारीख हवी. हे सगळं विचारलं की ‘अहो, आपल्याआपल्यातच आहे’ हे उत्तर येतं. तिकीट सदस्याच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याने घेतलं तेव्हाच ते आपल्याआपल्यातलं राहिलं नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांना तिकीट विकू नका, आणि त्यांना विकायलाही पाठवू नका.

बाकीच्या, पटापट

जागेच्या परवान्याचा अर्ज तुम्हीच करत असाल, तर त्याची नोटीस जागेवर २८ दिवस लागलेली हवी. पावसाने पडली हे कारण चालत नाही, म्हणून रोज जाता-येता फोटो काढा.

स्थानिक वृत्तपत्रात जाहिरात अर्जानंतर दहा कामाच्या दिवसांत द्यायची. साप्ताहिक असेल तर छपाईचा वार आधी विचारा.

नकाशा ‘साधारण असा’ काढू नका. दार कुठे उघडतं यावरूनच अर्ज अडतात.

एका जागेत पातळ भिंत घालून दोन परवाने काढायची आणि जास्तीची मशीनं बसवायची युक्ती जुनी आहे. अधिकाऱ्यांना ती तुमच्याआधी माहीत असते.

निकालाविरुद्ध अपील मॅजिस्ट्रेट कोर्टात, २१ दिवसांत.

वार्षिक शुल्काचं बिल येईल म्हणून थांबू नका. ते न भरल्यास परवाना रद्द होऊ शकतो. फोनमध्ये आठवण लावा आणि ती चालू ठेवा.