शब्दाच्या उगमावरून विकिपीडियावर वाद झाला, तर संदर्भ कसे तपासावेत

‘सांबार’ हे नाव संभाजीमहाराजांवरून पडले, हे वाक्य एक जण लेखात घालतो, दुसरा काढतो, तिसरा वृत्तपत्राच्या पुरवणीचा दुवा जोडून परत आणतो. पदार्थ, गावे आणि आडनावांच्या लेखांत असे वाद सतत चालतात. ते मिटत नाहीत याचे मुख्य कारण म्हणजे दोन्ही बाजू ‘खरे काय’ यावर भांडतात. विकिपीडियावर विचारायचा प्रश्न वेगळा असतो: नेमके हे विधान, नेमक्या कोणत्या संदर्भात, कोणत्या पानावर आहे?

पहिली पायरी: विधान फोडा.

सांबाराच्या एका वाक्यात तीन दावे दडलेले असतात. शब्द कुठून आला, पदार्थ कुठे तयार झाला आणि नाव कोणावरून पडले. तिन्हींना वेगवेगळा पुरावा लागतो. शब्द मराठीतून तमिळमध्ये गेला असे एखाद्या कोशाने म्हटले, तरी त्यातून शंभूराजांचे नाव सिद्ध होत नाही. तंजावरला मराठ्यांचे राज्य होते, यावरून तर यांतले काहीच सिद्ध होत नाही. चर्चापानावर (लेखाला जोडलेल्या, संपादकांच्या चर्चेसाठीच्या पानावर) हे तीन दावे तीन ओळींत लिहा आणि प्रत्येकाखाली कोणाकडे काय आहे ते मांडायला सांगा. निम्मी गरमागरमी इथेच ओसरते, कारण अनेकदा दोघे वेगवेगळ्या दाव्यांवर बोलत असतात.

दुसरी पायरी: लेखाच्या वर असलेला, जुन्या बदलांची यादी दाखवणारा ‘इतिहास पहा’ हा दुवा उघडा.

वादग्रस्त वाक्य लेखात पहिल्यांदा कधी आले ते शोधा. आवृत्त्या शेकड्यांनी असतील तर ‘विकीब्लेम’ हे साधन ते काम करते. ती तारीख टिपून ठेवा आणि मग संदर्भाची तारीख पाहा. वाक्य आधीचे आणि बातमी नंतरची असेल, शब्दरचनाही जुळत असेल, तर बातमीदाराने ते विकिपीडियावरूनच उचलल्याची दाट शंका घ्यावी. असा संदर्भ स्वतःचीच साक्ष स्वतः काढतो, म्हणून तो चालत नाही. संकेतस्थळावरच्या लेखाला तारीख नसेल तर संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या ‘वेबॅक मशीन’वर त्याची सर्वांत जुनी प्रत पाहा.

तिसरी पायरी: संदर्भाचा दर्जा ठरवा.

इथे सर्वांत जास्त चुका होतात. राजकारणाच्या बातमीसाठी उत्तम असलेले वृत्तपत्र व्युत्पत्तीसाठी कुचकामी ठरू शकते. पाककृतींची पुस्तके, पर्यटन महामंडळाची पत्रके, हॉटेलच्या मेनूकार्डावरची माहिती यांचेही तेच. त्यांतून फार तर ‘अशी कथा सांगतात’ एवढेच सिद्ध होते.

आर्यभाषांतील शब्दांसाठी टर्नर यांचा तुलनात्मक कोश (१९६२–६६) आणि द्राविडी शब्दांसाठी बरो-एमेनो यांचा कोश (दुसरी आवृत्ती १९८४) हे पाया आहेत. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. दोन्हींत नोंदींना क्रमांक आहेत, तो क्रमांक संदर्भात द्याच. मराठीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ (१९४६) आणि जुन्या मराठीसाठी तुळपुळे-फेल्डहाउस यांचा कोश (१९९९) पाहावा. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) शब्दापुढे मूळ भाषेची खूण असते, युक्तिवाद नसतो. ती खूण पुराव्यासारखी नाचवू नये.

पोर्तुगीज शब्दांसाठी गोव्याचे दाल्गादो यांचा १९१३ चा ग्रंथ आहे, त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये बडोद्याहून निघाले. ‘कणीक पायाने तुडवतात म्हणून पाव’ असे कोणी लेखात लिहिले, तर हा ग्रंथ उघडावा. पाव आला पोर्तुगीजांच्या ‘पांव’ या शब्दावरून, पायांचा त्यात काही हात नाही.

कोश वाचतानाही डोळे उघडे ठेवा. शब्दाआधी तारका असेल तर ते रूप कुठे लिहिलेले सापडलेले नसते, अभ्यासकांनी अनुमानाने बांधलेले असते. संपादक नक्कल करताना ती तारका गाळतात आणि अनुमानाचे रूपांतर वस्तुस्थितीत होते. तसेच ‘तुलना करा’ म्हणजे ‘पासून आला’ नव्हे.

चौथी पायरी: शब्दाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख शोधा.

संभाजीमहाराजांचा जन्म १६५७ चा, मृत्यू १६८९ चा. ज्यांच्या मुदपाकखान्यात सांबार प्रथम झाले असे कथा सांगते, ते तंजावरचे शाहूजी गादीवर आले १६८४ मध्ये. सांबाराशी जोडला जाणारा ‘चंपारम्’ हा शब्द मात्र १५३० च्या एका तमिळ शिलालेखात सापडतो. तारखांनी असा छेद दिला की कथेला अवघड जाते.

पण सांभाळा. त्या शिलालेखातला शब्द आजच्या डाळ-चिंचेच्या आमटीसाठी नाही, भाताबरोबरच्या पदार्थासाठी किंवा मसाल्याच्या साहित्यासाठी आहे. त्यावरून शब्दाचे वय कळते, पदार्थाचे नाही. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, हेही लक्षात असू द्या. नाव एक आणि वस्तू भलतीच, असे सर्रास होते.

पाचवी पायरी: स्वतः निष्कर्ष काढू नका.

वरच्या तारखा पाहून ‘म्हणजे ही कथा खोटी आहे’ असे लिहायला हात शिवशिवतात. तसे लिहिलेत तर दोन संदर्भ जोडून तिसरेच, कोणीही न म्हटलेले विधान तुम्ही तयार केलेत. विकिपीडियाच्या भाषेत हे मूळ संशोधन, आणि समोरचा संपादक ते नियमाने काढू शकतो. चर्चापानावर हा हिशेब जरूर मांडा, लेखात तो तेव्हाच येऊ द्या जेव्हा एखाद्या अभ्यासकाने तो छापून मांडलेला असेल.

‘बॉम्बे’चे उदाहरण पाहा. पोर्तुगीज ‘बॉम बाईया’, म्हणजे चांगला उपसागर, यावरून ते नाव आले ही कथा अजून फिरते. ‘बाईया’ स्त्रीलिंगी असल्याने ‘बोआ’ हवे, हा आक्षेप बिनतोड आहे. तरी तो तुमच्या पोर्तुगीजच्या ज्ञानावर टाकू नका, छापील संदर्भावर टाका.

सहावी पायरी: मजकूर असा लिहा.

प्रचलित कथा पूर्ण पुसण्याचा आग्रह बहुधा चुकतो. वाचक तीच शोधत येतो आणि लेखात ती नसली की पुढच्या आठवड्यात कोणीतरी पुन्हा घालतो. कथेला कथा म्हणून जागा द्या:

‘तंजावरच्या शाहूजींच्या मुदपाकखान्यात, संभाजीमहाराजांच्या भेटीच्या वेळी आमसुलाऐवजी चिंच घालून हा पदार्थ प्रथम झाला, अशी आख्यायिका आहे.[१] चंपारम् हा शब्द १५३० च्या तमिळ शिलालेखात आढळतो.[२]’

दोन वाक्ये, दोन स्वतंत्र संदर्भ, मध्ये ‘परंतु’ किंवा ‘मात्र’ नाही. त्या एका शब्दानेही निकाल दिल्यासारखा होतो. शब्दाचा उगम हा लेखाचा मुख्य विषय नसेल, तर हा मजकूर पहिल्या परिच्छेदात न ठेवता ‘नाव’ या विभागात हलवा. माहितीचौकटीत (लेखाच्या बाजूच्या थोडक्यात माहितीच्या तक्त्यात) व्युत्पत्ती घालूच नका, तिथे ‘आख्यायिका आहे’ म्हणायला जागा नसते.

सातवी पायरी: वाद चालवण्याची रीत.

संदर्भ नसलेले वाक्य दिसले तर लगेच उडवण्यापेक्षा ‘संदर्भ हवा’ हा साचा (वाक्यापुढे तशी खूण दाखवणारा तयार मजकूर) लावा, चर्चापानावर कारण लिहा, दोन-तीन आठवडे थांबा आणि मग काढा. तुमचा बदल कोणी उलटवला तर पुन्हा उलटवू नका, चर्चापानावर जा. इंग्रजी विकिपीडियावर एकाच लेखात २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवल्यास खाते रोखले जाऊ शकते, मग तुमची बाजू कितीही बरोबर असो.

चर्चेत कोशाचे नाव, आवृत्तीचे वर्ष, पृष्ठ किंवा नोंद क्रमांक आणि मूळ वाक्य जसेच्या तसे द्या. ‘गूगल करा, सापडेल’ हे उत्तर नव्हे. ‘आमच्याकडे सगळे असेच सांगतात’ हेही नव्हे. महाराजांचे नाव आले की भावना गुंतलेल्या असतात, म्हणून बदलाच्या सारांशात ‘भाकडकथा काढली’ असे न लिहिता ‘आख्यायिका म्हणून नोंदवली, संदर्भ जोडला’ असे लिहावे. दोघांतच अडले तर मराठी विकिपीडियावर चावडीवर, म्हणजे सर्व संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, विषय मांडा, इंग्रजीवर संदर्भांच्या विश्वासार्हतेसाठी वेगळा फलक आहे. तिथे पूर्ण भांडण उतरवू नका. वादग्रस्त वाक्य, त्याचा संदर्भ आणि ‘या विधानासाठी हा संदर्भ पुरतो का?’ एवढेच विचारा.